वाचकांचे प्रश्न : रिला मठातला ह्रेल्योचा बुरूज

मागच्या अंकात बल्गेरियातल्या रिला मठाचं छायाचित्र छापलं होतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, रंगीत भित्तिचित्रांचं चर्च, आणि त्यांच्या शेजारी, अंगणाच्या जवळजवळ मधोमध, एक राखाडी चौकोनी दगडी मनोरा. सर्वांत जास्त पत्रं आली ती या मनोऱ्याबद्दल. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मठात बुरूज कशासाठी? सर्वसंगपरित्याग केलेल्यांकडे लुटण्यासारखं होतं तरी काय?
(एक वाचक, सातारा)

मठवासी गरीब असत, मठ गरीब नसे. चांदीत मढवलेल्या मूर्तिचित्रांच्या चौकटी, संतांच्या अवशेषांच्या पेट्या, जरीची पूजावस्त्रं आणि वर्षभराचं धान्य एवढं सगळं एका आवारात असे. त्याहून मौल्यवान म्हणजे सनदा. कोणतं गाव, कोणतं कुरण, कोणती गिरणी मठाची, हे सांगणारा कागद जळला की हक्कच गेला. बल्गेरियाचा राजा इव्हान शिशमान याने १३७८ मध्ये रिला मठाला दिलेली सनद मठाच्या संग्रहालयात आजही आहे, यावरून तिची राखण किती जिवापाड झाली ते समजावं.

भीतीही खरी होती. १३०७ पासून दोन-तीन वर्षं कॅटलान भाडोत्री सैनिकांनी ग्रीसमधल्या माउंट अथोसच्या मठांवर धाडी घातल्या. तिथल्या हिलांदार या सर्बियन मठाने त्या काळात तटाआड तग धरला. तेव्हा तिथले मठाधिपती दानिलो होते, तेच पुढे सर्बियाचे आर्चबिशप झाले. त्यानंतरच्या पिढीत रिलाचा बुरूज उभा राहिला.

मात्र हा किल्ला नव्हे. किल्ल्यातून मुलूख राखतात, फौज बाहेर पडते, वेढा महिनोन्‌महिने चालतो. इथे हिशेब चार दिवसांचा, फार तर आठवड्याचा. दरोडेखोरांना वेढा घालून बसायला वेळ नसतो. हाती काही लागत नाही असं दिसलं की ते पुढे जातात. पुढच्या उत्तरांमधली प्रत्येक गोष्ट, दरवाजाची उंची असो की वरचं देवघर, या एका गरजेतून आली आहे.

काही ठिकाणी बांधकामाचं साल १३३४ दिलंय, काही ठिकाणी १३३५. बरोबर कोणतं?
(इतिहासाच्या शिक्षिका, नागपूर)

दोन्ही, आणि त्याचं कारण बुरुजावरच लिहिलेलं आहे. भिंतीत विटा बसवून एक लेख काढला आहे. त्याचा आशय असा : परमश्रेष्ठ प्रभू राजा स्टेफान दुशान (सर्बियाचा राजा) यांच्या राज्यात, प्रोतोसेवास्त ह्रेल्यो यांनी मोठ्या कष्टाने आणि खर्चाने हा ‘पिर्ग’ (बुरूज) मठाचे संस्थापक संत इव्हान रिल्स्की आणि ओसेनोवित्सा नावाने ओळखली जाणारी देवमाता यांच्यासाठी उभारला, वर्ष ६८४३.

६८४३ हे बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) जगन्निर्मिती शकाचं वर्ष. आपलं शालिवाहन शकाचं वर्ष जसं गुढीपाडव्याला बदलतं, तसं हे १ सप्टेंबरला बदलतं. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५५०९ वजा करायचे, जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८. म्हणजे ६८४३ हे वर्ष १ सप्टेंबर १३३४ ते ३१ ऑगस्ट १३३५ असं पसरलेलं आहे. लेखात महिना नाही, म्हणून अभ्यासक १३३४–३५ असं लिहितात. बांधकामाचा हंगाम पाहिला तर काम १३३५ च्या उन्हाळ्यात पुरं झालं असणं जास्त पटतं. मठ समुद्रसपाटीपासून ११४७ मीटर उंचीवर आहे, आणि तिथल्या हिवाळ्यात चुन्याचं काम होत नाही.

लेखातली तारीख पडताळायची सोय लेखातच आहे. दुशानला इथे ‘राजा’ म्हटलंय. तो सम्राट झाला १३४६ मध्ये. लेख नंतर कुणी बसवला असता तर मोठी पदवी घातल्यावाचून राहिला नसता.

हा ह्रेल्यो कोण? राजा होता का?
(एक वाचक, इंदूर)

राजा नव्हे, बडा सरदार. स्त्रुमा नदीच्या खोऱ्यात आणि आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या श्तिप परिसरात त्याची सत्ता होती. सर्बियन, बल्गेरियन आणि बायझंटाईन या तीन सत्तांच्या सीमेवर तो बसलेला होता आणि त्या तिघांशी त्याचे संबंध काळाप्रमाणे बदलत गेले. ‘प्रोतोसेवास्त’ ही बायझंटाईन दरबारी पदवी. पुढे त्याला त्याहून वरची ‘केसर’ ही पदवीही मिळाली. शेवटी त्याने रिलातच दीक्षा घेऊन हारितोन हे नाव धारण केलं. १३४२ च्या डिसेंबरात तो वारला. त्याची लेख कोरलेली थडग्याची शिळा मठात जपलेली आहे. सर्बियन वीरगाथांमधला ‘पंखवाला रेल्या’ तो हाच, असं मानतात.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. बुरुजाची रचना, मापं आणि बांधकामाची पद्धत सविस्तर सांगाल का?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

बुरूज जवळजवळ चौरस आहे. बाहेरून प्रत्येक बाजू साधारण ८ मीटर, उंची सुमारे २३ मीटर. खाली तळघर आणि त्यावर पाच मजले, सर्वांत वरच्या मजल्यावर देवघर. दर्शनी भिंतींवर उभे दगडी दाबखांब (भिंतीला चिकटून तिला आधार देणारे खांब) आहेत आणि ते वरच्या बाजूला कमानींनी एकमेकांना जोडलेले आहेत. माथ्याला दातेरी चर्या.

या दाबखांबांकडे नीट पाहा. सपाट चौकोनी नळकांड्यासारखी भिंत २३ मीटर नेली तर मधला भाग बाहेरच्या बाजूला फुगायला बघतो. डबराच्या (ओबडधोबड दगडांच्या) भिंतीत हा दोष नेहमीचा : बाहेरची आणि आतली दगडी पडदी वेगळी राहते, मधली भर बसते आणि बाहेरची पडदी पोट काढते. उभा दाबखांब त्या ठिकाणी भिंतीची जाडी वाढवतो, त्यामुळे सगळीकडे तेवढी जाड भिंत बांधावी लागत नाही. वरच्या कमानींमुळे चर्यांच्या पातळीवरची भिंत थोडी पुढे घेता येते आणि तिचं वजन खांबांवरून थेट पायात उतरतं. शिवाय उभ्या पट्ट्यांमुळे बुरूज आहे त्यापेक्षा उंच भासतो.

वजनाचा साधा हिशेब करून बघा. चुन्यातल्या डबरकामाचं वजन घनमीटरला सुमारे २.२ टन धरा. २३ मीटर उंचीच्या भिंतीखाली दाब येतो २३ गुणिले २.२, म्हणजे जवळपास ५० टन प्रति चौरस मीटर; चौरस सेंटिमीटरला ५ किलो. मजल्यांचा भार वेगळा. चांगल्या दगडाला हा दाब काहीच नाही, तो याच्या शंभरपट सोसतो. पण सैल मातीला तो झेपत नाही. म्हणून अशा इमारतींमध्ये दगड चिरडून भिंत पडत नाही. एक कोपरा बसतो, बुरूज कलतो आणि मग खिडक्यांच्या कडेने तिरकी चीर जाते. बांधणाऱ्याचं खरं कसब पायात आणि कोपऱ्यात. कोपऱ्याला मोठे घडीव दगड आळीपाळीने एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत लांब घातले की दोन भिंती एकमेकींना धरून राहतात.

बाल्कनमध्ये त्या काळची रीत अशी. डबराचे काही थर चढवायचे, मग विटांच्या किंवा चपट्या दगडांच्या थराने पातळी पुन्हा सपाट करायची. भिंतीच्या पोटात लाकडी वासे आडवे घालून कोपऱ्यात एकमेकांत अडकवायचे. चुना ओला असतो तोवर भिंतीला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, आणि जाड भिंतीत आतला चुना पक्का व्हायला वर्षं लागतात. भूकंपाच्या प्रदेशात हे वासे पट्ट्यासारखे काम करतात. दोष एकच : पाणी आत गेलं की लाकूड कुजतं आणि भिंतीत आडवी पोकळ नळी उरते. जुन्या भिंतीत सरळ आडव्या रेषेत चीर दिसली तर आधी या कुजलेल्या वाशाचा संशय घ्यावा.

आतल्या जागेचा अंदाज हवा असेल तर भिंत दीड ते पावणेदोन मीटर धरून बघा. आत साडेचार ते पाच मीटरची खोली उरते, म्हणजे मजल्याला २० ते २५ चौरस मीटर. एका मजल्यावर वीस माणसं दाटीने झोपतील. वीस जणांना दहा दिवस, माणशी दिवसाला ३ लिटर धरले तरी ६०० लिटर पाणी लागतं. साठवण खाली तळात आणि राहणं वरच्या मजल्यांवर, ही विभागणी अशा हिशेबातूनच ठरते.

दरवाजा जमिनीवर का नाही? आणि वरून उकळतं तेल ओतत असत, हे खरं का?
(गडकोट फिरणारा एक गट, पुणे)

दरवाजा पहिल्या मजल्याच्या पातळीवर आहे. शिडी लावून चढायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. याचे फायदे तीन. ओंडक्याने धडका देता येत नाहीत, कारण ओंडका धरून धावायला पायाखाली जमीनच नाही. दरवाजाशी सरपण रचून आग लावणं अवघड जातं. आणि एका वेळी एकच माणूस वर येऊ शकतो, तोही दोन्ही हात शिडीवर ठेवून.

या प्रकारच्या बुरुजांत माथ्याची चर्यांची भिंत बाहेर काढलेल्या दगडी घोड्यांवर (भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडांवर) किंवा कमानींवर पुढे घेतात आणि मधे तळाकडे उघडणारी फट ठेवतात. आपल्या किल्ल्यांवरच्या तिरप्या जंग्यांचं काम हेच : भिंतीच्या अगदी पायथ्याशी आलेला माणूस समोरच्या झरोक्यातून दिसत नाही, त्याच्यासाठी खाली बघणारी जागा लागते. जंगी भिंतीच्या जाडीतून तिरपी जाते आणि तिच्यातून बंदूक डागतात. ही फट भिंतीच्या बाहेर असते आणि तिच्यातून वस्तू खाली सोडतात. तेल मात्र बहुतेक कल्पनेतलंच. तेल महाग, आणि बुरुजाच्या माथ्यावर ते कढवत बसायचं म्हणजे स्वतःच्याच लाकडी मजल्यांना आग लावून घेण्याचा धोका. खरं हत्यार दगड. वीस मीटरवरून सोडलेला दगड खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. त्याला नेम लागत नाही, दारूगोळा लागत नाही, आणि तो टाकायला वृद्ध मठवासीही चालतो.

अशा बुरुजाचा मोठा शत्रू धूर. खालच्या मजल्यात आग शिरली की आतला जिना धुराड्यासारखा ओढ घेतो आणि वरचे लोक गुदमरतात. म्हणून जिथे शक्य तिथे तळमजल्यावर लाकडी तक्तपोशीऐवजी दगडी किंवा विटांची घुमटी घालतात.

देवघर सगळ्यात वर का? चढून जायला म्हाताऱ्यांना त्रासच.
(एक वाचक, रत्नागिरी)

वेदीच्या वर माणसांचा वावर असू नये, हा ऑर्थोडॉक्स परंपरेतला संकेत. वेदीवर झोपायची खोली नको, कोठार नको. वर फक्त आकाश. म्हणून बहुमजली बुरुजात देवघराची जागा माथ्यालाच. माउंट अथोसच्या बुरुजांतही हाच क्रम दिसतो. दुसरं कारण पहिल्या उत्तरातलं : सर्वांत शेवटी हाती लागणारी जागा तीच, तेव्हा पवित्र वस्तूही तिथेच. वेढ्यात अडकलेल्यांना रोजची उपासना चुकवून चालत नसे.

ह्रेल्योच्या बुरुजातलं देवघर ख्रिस्ताच्या रूपांतराच्या प्रसंगाला वाहिलेलं आहे. डोंगरमाथ्यावर ख्रिस्ताचं रूप तेजोमय झालं तो हा प्रसंग. डोंगरातल्या बुरुजाच्या शिखरावर त्याचं देवघर किती शोभतं! आत १४व्या शतकातली भित्तिचित्रं तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक आहेत. एकात ‘दैवी प्रज्ञा’ स्वतःचं घर उभारते ती बायबलमधली प्रतिमा. दुसऱ्यात स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांचं चित्रण : देवाची स्तुती करणारे वादक आणि हातात हात गुंफून फेर धरलेली माणसं. संकटात लपायच्या जागेत, जिथे दरवाजाशी दगडांचा ढीग रचून ठेवायचा, त्याच्या वर रंगवलंय काय, तर वाद्यं आणि नाच. या बुरुजात बघण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर आम्ही ही भिंत निवडू.

आजूबाजूचा मठ इतका नवा का दिसतो?
(एक वाचक, बेळगाव)

कारण तो खरोखर नवा आहे. १५व्या शतकाच्या मध्यात मठ उद्ध्वस्त झाला. योआसाफ, दाविद आणि तेओफान या तीन भावांनी तो पुन्हा उभा केला, आणि १४६९ मध्ये संत इव्हानचे अवशेष तर्नोवो या जुन्या राजधानीहून मिरवणुकीने परत आले. पुढे १८३३ च्या आगीत निवासाचे बहुतेक सोपे जळाले. आज दिसणारं मोठं चर्च १८३४ मध्ये सुरू झालं; त्याच्यासाठी ह्रेल्योच्या काळचं छोटं चर्च पाडलं गेलं. त्याचे कोरीव लाकडी दरवाजे संग्रहालयात उरले आहेत. १८४४ मध्ये बुरुजाच्या पायथ्याला चिकटून कमानींचं घंटाघर आलं. छायाचित्रात बुरुजाला बिलगलेला रंगीत भाग तो हाच. मठाच्या बाहेरच्या भिंतीही २० मीटरहून उंच आहेत, म्हणून दुरून सगळा मठच किल्ला वाटतो. १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत मठाची नोंद झाली ती मुख्यतः या १९व्या शतकातल्या उभारणीसाठी. मध्ययुगातली उभी इमारत म्हणाल तर अंगणात हा बुरूज एकटाच.

आमच्या गावात जुनी दगडी गढी आहे. भेगा सिमेंटने बुजवाव्यात का? अशा बुरुजांची दुरुस्ती कशी करतात?
(एक ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा)

सिमेंट नको. देश कोणताही असो, चुन्यात बांधलेल्या भिंतीचा नियम एकच. भिंत श्वास घेते म्हणजे काय, तर आत शिरलेला ओलावा दगडातून कमी आणि दगडांमधल्या चुन्याच्या दरजांमधून जास्त बाहेर पडतो. दरजेत सिमेंट भरलं की तो रस्ता बंद होतो आणि ओलावा दगडातूनच वाट काढतो. त्याच्याबरोबर क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. रिलासारख्या थंड जागी तेच पाणी गोठून फुगतं, म्हणजे दुहेरी मार. सिमेंटची दरज शाबूत आणि तिच्याभोवतीचा दगड खोल गेलेला, असं जागोजागी दिसतं. निम्मं नुकसान दुरुस्तीनेच केलेलं असतं.

क्रम असा ठेवा. आधी माथा : वरून पाणी आत जाणं थांबवल्याशिवाय खाली हात लावू नका. मग भेगेच्या दोन्ही कडांना खुणा करून निदान एक पावसाळा ती वाढते का ते मोजा. वाढत असेल तर दोष पायात आहे, तिथे जाणकार अभियंता हवाच. वाढत नसेल तर सैल दरज हाताच्या छिन्नीने, यंत्र न लावता, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळी करा. धूळ झाडा, पाणी शिंपडा. मुरवलेला चुना १ भाग आणि चाळलेली खरबरीत वाळू अडीच ते ३ भाग. ओलीच्या जागी वाळूतला थोडा भाग कमी करून त्याजागी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड). माल घट्ट, हातात गोळा धरला तर टिकणारा हवा. दाबून भरा, दगडाच्या कडेवर चढवू नका. किमान आठवडाभर ओलं गोणपाट बांधून ठेवा. कडक उन्हात भरलेला चुना भुसभुशीत होतो आणि बोटाने निघतो. यात घाई केली की काम पुन्हा करावं लागतं. भिंतीत वाढलेलं पिंपळाचं झाड ओढून काढू नका. बुंधा कापा, मुळं मारा, ती सुकल्यावर पोकळी चुन्याने भरा. ओढलं की त्याच्याबरोबर दगड येतात.

‘पिर्ग’ आणि ‘बुरूज’ यांत साम्य वाटतं. योगायोग?
(एक वाचक, ठाणे)

बऱ्याच भाषातज्ज्ञांच्या मते योगायोग नाही. ‘पिर्ग’ हा ग्रीक ‘पिर्गोस’चा स्लाव्ह अवतार. अरबी ‘बुर्ज’ही त्याच कुळातून, मधल्या भाषांमार्गे आला असं ते मानतात, आणि अरबी-फारसीतून तो मराठीत बुरूज झाला.

तिकडे जायचा योग आला तर बुरूज आतून बघता येतो का?
(एक वाचक, म्युनिक)

मठ सोफियाच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. अंगणातून बुरूज कधीही दिसतो. आत प्रवेश नेहमी खुला नसतो, तेव्हा पोचल्यावर आधी संग्रहालयात चौकशी करा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आतले जिने अरुंद आणि उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, दाबखांबांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि वरच्या कमानी उठून दिसतात. बरोबर छोटी दुर्बीण ठेवा. विटांचा लेख आणि चर्यांखालचं काम बघायला ती लागते.